गावाच्या खांबावर एक दिवस भगवा : आपला हक्क की गावाची मर्जी?

पश्चिमवारा

नमस्कार मंडळी,

बॉस्टनच्या पश्चिमेला एका लहान गावात राहतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण इथल्याच माणसांशी रोज गाठ पडते. आमच्या मंडळाने यंदा शिवजयंतीला, १९ फेब्रुवारीला, टाउन हॉलसमोरच्या खांबावर एक दिवस भगवा लावायची परवानगी मागितली होती. मराठी शाळेतल्या मुलांनी आयांना हाताशी धरून झेंडा शिवला होता. मोठी मुलं महाराजांबद्दल दोन-दोन मिनिटं इंग्रजीत बोलणार होती.

टाउन क्लार्कचं उत्तर आलं. भाषा सौम्य, पण नकार ठाम. खांब गावाचा आहे, त्यावर जे फडकतं ते गावाचं स्वतःचं बोलणं मानलं जातं, खासगी संस्थांना तो उपलब्ध नाही.

मला हे लागलं, कारण मार्चमध्ये त्याच खांबावर आयर्लंडचा झेंडा असतो. जूनमध्ये समलिंगी समुदायाचा इंद्रधनुषी झेंडा असतो. गेल्या वर्षी १५ ऑगस्टला तिरंगाही लागला होता, आम्ही सगळे नटूनथटून गेलो होतो. मग नेमका आमच्याच वेळी खांब 'गावाचा' कसा झाला? मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो वकील गाठा. दुसरा म्हणतो, परक्या मुलखात कशाला वैर घ्या. मी इथला नागरिक आहे, हा मुलूख मला परका वाटत नाही. म्हणून सरळ विचारतो : अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या पहिल्या घटनादुरुस्तीने दिलेलं अभिव्यक्तीस्वातंत्र्य इथे आमच्या बाजूने आहे की नाही?

---

रोखठोक_राजाभाऊ

कोर्टात खेचा! बॉस्टन शहराने असंच एका संस्थेला अडवलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयात नऊ विरुद्ध शून्य असं हरलं. २०२२ चा निकाल आहे. शहराला समोरच्यांच्या वकिलांपोटी वीस लाख डॉलरच्या वर भरावे लागले. तुमच्या क्लार्कला एवढं एक पत्र लिहा, परवानगी दुसऱ्या दिवशी हातात.

---

मेधा_न्यूटन

पश्चिमवारा दादा, राजाभाऊंनी सांगितलेला निकाल खरा आहे, पण तो वाचल्याशिवाय पत्र पाठवू नका. मी पुण्यात कायदा शिकले, इथे पुन्हा परीक्षा देऊन वकील झाले आणि माझं बरंचसं काम गावांच्या आणि नगरपालिकांच्या कायद्याचं आहे. तुमच्या क्लार्कने वापरलेलं वाक्य माझ्यासारख्याच कुणीतरी लिहून दिलेलं असणार. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी पाया. पहिली घटनादुरुस्ती सरकारला लोकांचं तोंड बंद करण्यापासून अडवते. सरकारने स्वतः काय बोलावं, हे ती ठरवत नाही. 'धूम्रपान सोडा' असा फलक लावला म्हणून सरकारला शेजारी तंबाखू कंपनीचा फलक लावावा लागत नाही. सरकार बोलणारच, आणि बोलताना बाजू घेणारच. त्या बोलण्याचा जाब आपण मतपेटीतून आणि सभेत उभं राहून विचारायचा. सरकार धर्म लादू शकत नाही, लोकांच्या इतर घटनात्मक हक्कांवर पाय देऊ शकत नाही, या मर्यादा आहेतच. पण 'तुम्ही त्यांचं बोललात, आता आमचंही बोला' अशी मागणी अभिव्यक्तीस्वातंत्र्याच्या नावाने करता येत नाही.

म्हणजे तुमचा सगळा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतो : त्या खांबावरून बोलतं कोण?

आता बॉस्टन. सिटी हॉलच्या चौकात तीन खांब आहेत, प्रत्येकी ८३ फुटी. एकावर देशाचा झेंडा, दुसऱ्यावर मॅसॅच्युसेट्सचा, तिसऱ्यावर एरवी शहराचा. पण शहर हा तिसरा खांब लोकांच्या कार्यक्रमांसाठी द्यायचं. २००५ ते २०१७ या काळात तिथे २८४ वेळा झेंडे चढले, किमान ५० वेगवेगळे. बहुतेक परदेशांचे, पण त्यात इंद्रधनुषी झेंडा होता, रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांचा होता, एका पतसंस्थेचासुद्धा होता. नकार एकदाही नाही. ज्या अधिकाऱ्याच्या हाती परवानगी होती, तो झेंडा आधी पाहायचाही नाही. अर्जदारांसाठीच्या माहितीत शहरानेच लिहिलं होतं की या सार्वजनिक जागा सर्व अर्जदारांना देण्याचा प्रयत्न केला जाईल. २०१७ मध्ये हॅरॉल्ड शर्टलिफ नावाच्या गृहस्थांनी 'ख्रिश्चन फ्लॅग' लावायला मागितला, तेव्हा मात्र शहर घाबरलं. धर्माचा झेंडा लावला तर सरकारने धर्माला पाठिंबा दिल्यासारखं होईल, या भीतीने पहिला नकार आला.

२ मे २०२२ ला न्यायमूर्ती ब्रायर यांनी निकाल लिहिला. त्यांनी तीन गोष्टी तपासल्या. अशा जागेचा इतिहास काय, पाहणाऱ्या माणसाला ते बोलणं कुणाचं वाटेल, आणि सरकारने त्या मजकुरावर प्रत्यक्षात किती ताबा ठेवला. पहिल्या मुद्द्यावर शहराची बाजू बरी होती. सरकारी इमारतीवरचा झेंडा लोक सरकारचाच समजत आलेत. दुसऱ्यावर काहीच ठाम निघालं नाही. तिसऱ्यावर शहर पूर्ण उघडं पडलं. बारा वर्षं कुणाचाही झेंडा न बघता चढवलात, मग अचानक 'हे आमचं बोलणं' कसं म्हणता? खांब लोकांना खुला होता, आणि खुल्या जागेत एकाच मताला अडवणं हा भेदभाव. नऊही न्यायमूर्ती शहराविरुद्ध गेले, जरी तिघांनी कारणमीमांसा वेगळी केली.

राजाभाऊ, इथे एक गोष्ट सुटते. त्याच निकालात न्यायालयाने गावांना वाटही दाखवली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे शहराने लेखी धोरण केलं होतं की आमचे खांब जनतेच्या अभिव्यक्तीसाठी नाहीत. तुम्हालाही असं धोरण करता आलं असतं, असं न्यायालयाने बॉस्टनला सांगितलं. बॉस्टनने मग तेच केलं. आता तिथे महापौरांची घोषणा किंवा नगर परिषदेचा ठराव लागतो. मॅसॅच्युसेट्समधल्या अनेक गावांनीही पुढे आपापली धोरणं लिहून काढली. २०२२ च्या उन्हाळ्यात मी असे मसुदे लिहिण्यातच बुडाले होते. एका गावाच्या सिलेक्ट बोर्डाने, म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाने, देश, राज्य आणि गाव एवढे तीनच झेंडे ठेवायचं ठरवलं. त्या सभेत दरवर्षी आयर्लंडचा झेंडा चढवणारे एक वृद्ध सैनिक आले होते. ते एवढंच म्हणाले की माझ्या वडिलांना या गावात नोकरी नाकारली होती, म्हणून मला तो झेंडा इथेच बघायचा असतो. बोर्डातल्या बाईंचे डोळे भरले, तरी ठराव मंजूर झाला. तुमचा निरोप वाचताना मला ते गृहस्थ आठवले. झेंड्याची ओढ मला कळते, दादा. ती क्षुल्लक नाही.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या गावाने लेखी धोरण केलं असेल आणि प्रत्येक झेंड्याला सिलेक्ट बोर्डाचा ठराव लागत असेल, तर तो खांब गावाचा आहे आणि त्यावर तुमचा कायदेशीर हक्क नाही. आयर्लंडचा, इंद्रधनुषी आणि तिरंगा हे तिन्ही ठरावाने लागले असतील, तर गाव तीन वेळा स्वतः बोललं. चौथ्यांदा बोलायला तुम्ही त्याला भाग पाडू शकत नाही. उलट, धोरण नसेल आणि क्लार्क येईल त्याला तारीख देत असेल, तर तुम्ही बॉस्टनच्या शर्टलिफच्या जागी आहात.

पण समजा, तुम्ही जिंकलात. मग खांब सगळ्यांना खुला. सगळ्यांना म्हणजे खरोखर सगळ्यांना. पुढच्या महिन्यात गोऱ्यांच्या वर्चस्वाचा झेंडा घेऊन कुणी आला, तर गावाला तोही लावावा लागेल, नाहीतर खांब सर्वांसाठी बंद करावा लागेल. तुमच्या मुलांनी शिवलेल्या झेंड्यामागून तो चढलेला तुम्हाला बघवेल का? मला बघवणार नाही. म्हणून मला बंद खांब आवडतो, पण एका अटीवर : गावाने आपलं बोलणं उघडपणे आपलं म्हणावं आणि त्याची जबाबदारी घ्यावी.

याच कारणासाठी २००९ चा युटामधला प्लेझंट ग्रोव्हचा निकाल मला पटतो. तिथल्या बागेत दान आलेली स्मारकं होती, त्यात बायबलमधल्या दहा आज्ञांचा शिलालेख होता. सम्मम नावाच्या छोट्या पंथाने आपल्या सात सूत्रांचा दगड तिथेच बसवायला मागितला. न्यायालय म्हणालं, बागेत भाषण करायला या, पत्रकं वाटा, पण कायमचं स्मारक म्हणजे शहराचं बोलणं. न्यायमूर्ती अलिटो यांनी स्वातंत्र्यदेवतेचा दाखला दिला : फ्रान्सकडून तो पुतळा घेतला म्हणून न्यूयॉर्कच्या बंदरात जर्मन किंवा रशियन साम्राज्याकडून एकाधिकारशाहीचा पुतळाही घ्यावा लागला असता का?

मला धास्ती वेगळीच आहे. हा 'सरकारचं बोलणं' नावाचा शिक्का फार सोयीचा आहे आणि तो सरकार कुठेही मारू पाहतं. २०१५ मध्ये टेक्सासच्या हौशी नंबरप्लेट्स पाच विरुद्ध चार मतांनी सरकारचं बोलणं ठरल्या. तिथे साडेतीनशेहून अधिक नमुने होते, अगदी आवडत्या कॉलेजपासून फास्ट फूडपर्यंत. रस्त्याने जाणाऱ्याला खरंच वाटेल का की टेक्सास सरकार एवढं सगळं बोलतंय? निदान नोंदणीकृत व्यापारचिन्हांना २०१७ मध्ये न्यायालयाने हा शिक्का लावू दिला नाही. पण टेक्सासमध्येच लॅनो काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयातून १७ पुस्तकं काढली गेली. त्यात आपल्याकडच्या जातिव्यवस्थेची अमेरिकेतल्या वर्णव्यवस्थेशी तुलना करणारं एक पुस्तकही होतं. वाचक कोर्टात गेले. मे २०२५ मध्ये पाचव्या सर्किटच्या (टेक्सास ज्यात येतं त्या विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने १० विरुद्ध ७ मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि त्यातल्या सात न्यायाधीशांनी लिहिलं की ग्रंथालय कोणती पुस्तकं ठेवतं, हेही सरकारचं बोलणं आहे. आठव्या सर्किटने आयोवातल्या शाळांच्या ग्रंथालयांबाबत २०२४ मध्ये नेमकं उलट म्हटलं होतं. मला आठव्याचं पटतं. ग्रंथालयाच्या एकाच कपाटात एकमेकांना खोडून काढणारी पुस्तकं शेजारी शेजारी उभी असतात; ती सगळी सरकारच्या तोंडची म्हणणं मला साफ नामंजूर आहे. झेंड्याच्या भांडणात पडताना हे लक्षात असू द्या, कारण तुमचं गाव उद्या हाच शिक्का घेऊन ग्रंथालयात शिरलं, तर तिथे मात्र मी तुमच्या पुढे उभी असेन.

आता काम सांगते. टाउन क्लार्ककडे दोन गोष्टी लेखी मागा : खांबाचं धोरण, आणि आयर्लंड, इंद्रधनुष्य व तिरंगा यांच्या वेळचे अर्ज आणि ठराव. इथल्या सार्वजनिक दस्तऐवज कायद्यानुसार कामकाजाच्या दहा दिवसांत उत्तर यायला हवं. ते हातात आलं की बोलू.

---

सातारकर_निवृत्त

मेधाताई, फार चांगलं समजावलंत. मी आयुर्विमा महामंडळातून निवृत्त झालो. तुमचं वाचून आमच्या घरातलाच खटला आठवला, आणि आपल्या न्यायालयाची वाट तुमच्या अमेरिकेहून किती वेगळी आहे ते जाणवलं.

महामंडळाचं 'योगक्षेम' नावाचं घरचं मासिक होतं. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राचे मनुभाई शहा यांनी १९७८ मध्ये पॉलिसीधारकांवर कसा अन्याय होतो, यावर टीकात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. महामंडळाच्या एका अधिकाऱ्याने त्याला वर्तमानपत्रात उत्तर दिलं, शहांनी प्रत्युत्तर दिलं. इथवर सगळं ठीक. पुढे आमच्या मासिकाने फक्त अधिकाऱ्याचा लेख छापला. शहा म्हणाले, आता माझाही छापा. महामंडळ म्हणालं, हे आमचं अंतर्गत मासिक, यात काय छापायचं ते आम्ही ठरवू.

अमेरिकेत बहुधा महामंडळ जिंकलं असतं, मेधाताईंच्या हिशेबाने ते सरकारचंच बोलणं. आपल्याकडे गुजरात उच्च न्यायालयाने आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती अहमदी यांचं म्हणणं असं की महामंडळ हे घटनेच्या अर्थाने 'राज्य', म्हणजे सरकारचाच भाग, आहे, मासिक जनतेच्या पैशावर निघतं, लोकांना ते विकत मिळतं; मग वादाची एकच बाजू छापून वाचकाला अंधारात ठेवणं अन्यायाचं आहे. त्याच निकालात दूरदर्शनचंही प्रकरण होतं. भोपाळ वायुदुर्घटनेवरचा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला माहितीपट दाखवायला दूरदर्शनने नकार दिला होता. तोही न्यायालयाला मान्य झाला नाही.

कचेरीत या निकालावर बरीच नाराजी होती. मला मात्र तेव्हाही तो योग्य वाटला. ज्याच्या हप्त्यावर मासिक चालतं, त्याची तक्रार त्याच मासिकात यायला नको का? ताई, तुमच्याकडे 'सरकारचा जाब मतपेटीतून विचारा' म्हणतात. विमाधारकाने कुठल्या मतपेटीतून विचारायचा?

अगदी अलीकडचं मुंबई उच्च न्यायालयाचं उदाहरणही देतो. २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत केंद्राने स्वतःच्या कारभाराबद्दलचा मजकूर खोटा ठरवण्यासाठी तथ्य-तपासणी कक्षाची तरतूद केली. जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती पटेल आणि न्यायमूर्ती गोखले यांच्यात मतभेद झाला, मग तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये नियम घटनाबाह्य ठरवला. केंद्राचं पत्र सूचना कार्यालय आधीपासून खंडनं छापतच होतं, ते कुणी थांबवलं नाही. सरकारने आपलं म्हणणं जरूर मांडावं. माझं म्हणणं पुसायचा अधिकार त्यात येत नाही.

---

मेधा_न्यूटन

काका, विमाधारकाच्या मतपेटीचा तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. सरकारी महामंडळं, विद्यापीठं, प्रसारण यांना निवडणुकीचा धाक फार लांबून पोचतो. तिथे अमेरिकेचा सिद्धांत अपुरा पडतो असंच मला वाटतं, आणि मनुभाईंचा निकाल मला अधिक न्याय्य वाटतो. लहान गावात मात्र सिलेक्ट बोर्डाचा सदस्य दुकानात शेजारच्या रांगेत उभा असतो. तिथे धाक खरा असतो.

मुंबईच्या निकालाबद्दल पूर्ण सहमत. इथेही मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी एकमताच्या निकालात तेच लिहिलं : अधिकारी टीका करू शकतो, लोकांना पटवू शकतो, पण हातातल्या अधिकाराची भीती घालून दुसऱ्याकरवी कुणाचं तोंड बंद करू शकत नाही. प्रकरण बंदूकधारकांच्या संघटनेचं होतं. माझं त्यांच्याशी अजिबात पटत नाही, पण निकाल बरोबर आहे.

---

पश्चिमवारा

कागद आले. धोरण २०२३ चं आहे. देश, राज्य, गाव हे तीन झेंडे. बाकी कोणताही झेंडा सिलेक्ट बोर्डाच्या बहुमताच्या ठरावाने, गावाचा संदेश म्हणून. आयर्लंड, इंद्रधनुष्य, तिरंगा, तिघांचेही ठराव जोडलेत. म्हणजे वकिलाचा मार्ग बंद, हे मंडळाला कळवलं. थोडं वाईट वाटलं, पण सगळ्यांना एकच नियम आहे हे बघून रागही उतरला.

तीन प्रश्न. बोर्डाकडे ठरावासाठी गेलो तर सभेत उघडपणे बोलता येईल का? गेल्या महिन्यात अध्यक्षांनी एकाला 'सभ्य भाषेत बोला, नाहीतर बसा' म्हणून गप्प केलं होतं. दुसरं, काहीजण भगवा धार्मिक म्हणतील, त्याचं काय? तिसरं, ठराव नाही झाला तर टाउन कॉमनवर, म्हणजे गावाच्या सार्वजनिक मैदानावर, ढोल-ताशांसह मिरवणूक काढायची आहे. पोलीस बंदोबस्ताचे पैसे मागतील का?

---

मेधा_न्यूटन

सभेबद्दल निर्धास्त राहा. साउथबरो गावाने नागरिकांच्या बोलण्यावर आदर आणि सौजन्याची सक्ती केली होती. मार्च २०२३ मध्ये आपल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि आधार घेतला तो १७८० च्या राज्यघटनेतल्या एकत्र जमण्याच्या आणि गाऱ्हाणं मांडण्याच्या हक्काचा. वेळेची मर्यादा घालता येते, विषयाची घालता येते. अधिकाऱ्यांवर कडक टीका केली म्हणून बसवता येत नाही. तुम्ही गोडच बोलाल, पण हक्क ठाऊक असू द्या. मुलांनाही बोलू द्या.

भगवा धार्मिक की ऐतिहासिक, हा वाद सभेत ओढवून घेऊ नका. खांब गावाचा आहे म्हटल्यावर 'नको' म्हणायला गाव मोकळं आहे. 'हो' म्हणताना मात्र ते धर्माचा पुरस्कार करताना दिसायला नको. म्हणून महाराजांचा राज्यकारभार, किल्ले, आरमार आणि गावात राहणारी मराठी कुटुंबं यांवर भर द्या. ठरावाचा कर्ता गाव असू द्या : 'गाव आपल्या मराठी रहिवाशांचा सन्मान करतं.' मंडळाने झेंडा लावला असं कुठेही येऊ नये.

टाउन कॉमनवर मात्र तुम्ही तुमच्या हक्काने उभे राहता. मिरवणुकीचा अर्ज, ठरलेली फी, आवाजाची वेळ हे सगळ्यांना सारखं असेल तर पाळायचं. पण तुमच्या विषयामुळे कुणी चिडेल आणि जास्त पोलीस लागतील, म्हणून फी वाढवता येत नाही. जॉर्जियातल्या फोर्सिथ काउंटीचा १९९२ चा निकाल आहे. तिथला अर्जदार गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कर्ता होता, तरी न्यायालयाने फीचा तो नियम मोडीत काढला, आणि आज तोच निकाल ढोल-ताशाच्या उपयोगी पडतो.

ठरावाचा मसुदा व्यक्तिगत निरोपाने पाठवा. बोर्डाच्या सभेची कार्यक्रमपत्रिका ४८ तास आधी लागते, आणि विषय तिच्यात यायला त्याच्याही बरंच आधी अध्यक्षांना पत्र जायला हवं. गुरुवारपर्यंत वाचून परत पाठवते.